नागिणीचं माप

आमच्या गल्लीत एक बातमी बरीच वर्षं कुजबुजली गेली. ती अशी, की टेपबाईंनी आपल्या गरोदर लेकीच्या तोंडावर दार आपटलं. लेक पायरीवर बसून रडत राहिली आणि आईनं कडी काढली नाही. सांगणारा आधी मागे वळून टेपबाईंच्या खिडकीकडे बघायचा आणि मगच आवाज खाली आणायचा. मी ही बातमी जितक्या तोंडांतून ऐकली तितक्या तऱ्हांनी ऐकली. कोणाच्या बातमीत लेक दोन्ही हातांनी दार बडवत होती, कोणाच्यात पाऊस कोसळत होता. पाऊस नव्हता, हे मी छातीठोकपणे सांगतो. त्या दुपारी मी लाँड्रीवाल्याच्या दुकानाबाहेर खुर्ची टाकून बसलो होतो, आणि मी काही पावसात बसणारा माणूस नाही.

टेपबाई म्हणजे आमच्या गल्लीतलं शिवणकामाचं दुकान चालवणारी बाई. गळ्यात कायम मापाची टेप. झोपतानाही ती गळ्यातच असते असं लोक म्हणत. हे खोटं. झोपताना ती उशाशी असे. दुकान कसलं, घराचीच पुढची खोली. खिडकीला लागून मशीन, मधे जुनी घोंगडी अंथरलेलं कापायचं टेबल, बरणीत खडूचे तुकडे, आणि कडेचा पारा उडालेला एक उंच आरसा. त्यात सगळे जरा बारीक दिसत. गिऱ्हाइकं त्या आरशाच्या मोहानं येत, आणि टेपबाई तो मोह लगेच उतरवत.

"कंबर चाळीस," त्या रस्त्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगत. "मागच्या खेपेला अडतीस होती. श्वास सोडा आता, निळे पडाल."

आमच्याकडे एक एजंटकाका आहेत, विम्याचं काम करतात. त्यांच्या पोटाला टेपबाईंनी 'हप्ता' असं नाव ठेवलं होतं. "काका, हप्ता यंदाही वाढलाय," असं म्हटल्याशिवाय त्यांची पँट कधी शिवली गेली नाही. अशा बाईबद्दल लोक वाईट बोलायला टपून बसलेले असतात, ह्यात नवल नाही. फक्त संधी मिळायची खोटी.

टेपबाईंचा नवरा लवकर गेला. लेक त्यांनी त्याच कापायच्या टेबलाखाली वाढवली. लहानपणी तिनं एक गुंडी गिळली. ती गुंडी यथावकाश बाहेर आली, पण नाव मात्र पोरीला चिकटलं. गुंडी मोठी झाली, हातात कसब आलं, आणि टेपबाईंनी दुसरं मशीन घेऊन तिच्यासाठी खिडकीत जागा केली. त्या खिडकीतून गुंडी काय बघत बसली असेल, तर रस्त्यावरून जाणाऱ्या बसगाड्या. एक दिवस तिनं सांगितलं, की ती बस चालवणार आहे, परवाना मिळालाय, सोमवारपासून कामावर.

"लोकांना शिवायचं सोडून लोकांना वाहणार?" टेपबाई म्हणाल्या.

"तुझं तू शिव, माझं मी वाहते," गुंडी म्हणाली.

दोघींच्या जिभा एकाच कारखान्यातल्या. पुढं काय काय बोलणं झालं ते साऱ्या गल्लीनं ऐकलं, मी परत सांगत नाही. गुंडी निघून गेली. बसच्या आगारातल्याच एका मेकॅनिकशी लग्न केलं, तेही कळवून, विचारून नव्हे. दोन वर्षं माय-लेकींत शब्द नाही.

शब्द नव्हता, पण पँट होती. लाँड्रीवाला हा दोघींचा भरवशाचा माणूस. तो एकदा खाकी पँट घेऊन टेपबाईंकडे आला. म्हणाला, "एका गिऱ्हाइकाची आहे. कंबर सैल करायचीय."

टेपबाईंनी पँट टेबलावर पसरली. उजवा पाय डाव्यापेक्षा अर्धा इंच तोकडा. हे माप जगात एकाच माणसाचं होतं. कंबर उसवली, सैल केली, दिली. काही आठवड्यांनी तीच पँट परत. पुन्हा सैल. तिसऱ्यांदा आली तेव्हा त्या म्हणाल्या, "हे गिऱ्हाईक खातं तरी काय?"

लाँड्रीवाला छताकडे बघायला लागला. टेपबाईंनी त्याच्याकडे बघितलं, मग पँटकडे, मग टेपकडे.

"कितवा?"

"सहावा," तो म्हणाला.

टेपबाई वळून मशीनवर बसल्या आणि पाय चालवायला लागल्या. लाँड्रीवाला सांगतो, सुईखाली कापड नव्हतं, मशीन मात्र बराच वेळ चाललं होतं. त्या पँटला पोटावर इलॅस्टिक लागलं, आणि पँट परत गेली तेव्हा खिशात एक इवलंसं झबलं घडी करून ठेवलेलं होतं. उत्तर लाँड्रीवाल्याच्या तोंडी आलं, "रविवारी येते म्हणाली."

त्या आठवड्यात टेपबाईंनी गिऱ्हाइकांना टोमणे मारले नाहीत. एजंटकाका काळजीत पडले. मला विचारलं, "त्यांची तब्येत बरी आहे ना?"

बरी नव्हती. डाव्या बरगडीखाली आग होत होती. कोणीतरी तापली इस्त्री टेकवून विसरून गेल्यासारखी, असं त्यांचंच वर्णन. कातडीवर तर काहीच दिसत नव्हतं. खुर्ची बदलून पाहिली, उशी घेऊन पाहिली. अंगातला सुती सदरा घासला तरी जीव कळवळे. मग एका दुपारी लाल चट्टे उठले आणि त्यांच्यावर पाण्याचे बारीक फोड, पाठीच्या कण्यापासून पोटापर्यंत, पट्ट्यासारखे.

ते पहिल्यांदा पाहिले वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी. ह्या साऱ्या गल्लीच्या वहिनी. त्यांचा खरा दीर कोण, हे अजून कोणाला ठाऊक नाही. वहिनी आल्या होत्या पडद्याची झालर न्यायला, आणि घेऊन गेल्या बातमी.

"अहो टेपबाई, ही नागीण आहे."

टेपबाईंनी आधी पाय वर घेतले आणि खाली जमिनीकडे पाहिलं. "कुठं?"

"तुमच्या कमरेला. नागीण विळखा घालत येते. एकदा तोंड आणि शेपूट जुळलं, की संपलं."

"काय संपलं?"

"आता मी काय बोलू. तुम्ही समजून घ्या."

"तोंड कुठलं ह्यातलं?"

वहिनी चष्मा सावरत वाकल्या. "हे पुढचं. बेंबीकडचं. नाही, थांबा. मागचं वाटतंय."

"वहिनी, तोंड कुठलं आणि शेपूट कुठलं ते तुम्हाला ठरवता येईना, आणि ती मात्र दोन्ही बरोबर आणून जुळवणार?"

असं म्हणून टेपबाईंनी गळ्यातली टेप काढून त्यांच्या हातात दिली. "मोजा." वहिनींनी नाक मुरडत, दोन बोटांच्या चिमटीत धरून मोजलं. नागीण भरली कमरेच्या निम्म्याला जरा कमी.

"पाठच्या मध्यावर सुरू, पुढच्या मध्याच्या अलीकडे बंद," टेपबाई म्हणाल्या. "कापडाची घडी घालून कापल्यासारखी. पुढं सरकली तर मी मेले. नाही सरकली, तर तुम्ही जन्मभर ह्या विषयावर तोंड उघडायचं नाही. कबूल?"

वहिनींनी कबूल केलं, आणि जिना चढेपर्यंत सहा जणांना सांगितलं.

संध्याकाळपर्यंत गल्ली दवाखाना झाली. कोणी लेप सुचवला, कोणी सांगितलं, की फोड फोडून टाका म्हणजे विष निघून जाईल, कोणी म्हणालं, की आठवडाभर थांबा, डॉक्टर ह्यातलं काही जाणत नाहीत. एजंटकाका दारात येऊन गंभीरपणे विचारून गेले, की वारस म्हणून कोणाचं नाव घातलंय. टेपबाईंनी त्यांना कात्री दाखवली.

आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या डॉक्टरकडे गेल्या. सोबत मी. म्हणजे मी गेलो नाही, मला नेण्यात आलं. पण पडद्याबाहेरच्या बाकावर जागा चांगली मिळाली.

डॉक्टरीण तरुण होती. म्हणाली, "आजी, सदरा जरा वर घ्या."

"आजी कोणाला म्हणतेस? त्याला अजून अवकाश आहे. आणि तुझा शाळेचा गणवेश मी शिवलाय. उजवा खांदा अजून खालीच आहे तुझा."

"बॅग उचलून उचलून झालाय," डॉक्टरीण म्हणाली. "कधी उठले फोड?"

"काल. शेजारीण म्हणते नागीण. तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो."

"नागीण नुसतं नाव आहे. लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या?"

"मला आणि भावाला एकदमच. आईनं दोघांना एका खोलीत कोंडलं होतं."

"तेव्हा कांजिण्या गेल्या, पण त्यांचा विषाणू गेला नाही. तो पाठीच्या कण्याजवळ, एका नसेच्या मुळाशी जाऊन दडून बसला."

"इतकी वर्षं? भाडं न देता?"

"इतकी वर्षं. आपल्या शरीरात पहारा देणारी फौज असते. एकदा कांजिण्यांशी लढली, की ती त्यांचा चेहरा विसरत नाही. म्हणून कांजिण्या सहसा दुसऱ्यांदा होत नाहीत. तीच फौज ह्या दडलेल्याला डोकं वर काढू देत नव्हती. वय झालं, दगदग झाली, की पहारा ढिला पडतो. मग हा त्या नसेवरून चालत कातडीपर्यंत येतो."

"म्हणजे माझी फौज झोपली."

"झोपली नाही. म्हातारी झाली."

मला वाटलं, आता डॉक्टरणीचं काही खरं नाही. पण टेपबाई एवढंच म्हणाल्या, "पुढं बोल."

"ही नस पाठीतून निघते आणि एकाच बाजूनं पोटापर्यंत येते. डावीकडची डावीकडेच. म्हणून पट्टा अर्ध्यावर थांबतो. जुळणं-बिळणं काही नसतं. फौज फारच दुबळी झालेली असली तर फोड अंगभर पसरू शकतात, तसं काही दिसलं तर मात्र धावत या. पण तेही तोंड आणि शेपूट भेटल्यामुळं नव्हे."

"आणि ह्या गोळीनं मरेल तो?"

"गोळी मारत नाही, अडवते. विषाणूकडे स्वतःचं मशीन नसतं. तो आपल्या पेशीत शिरतो आणि तिच्याच मशीनवर स्वतःच्या प्रती काढत बसतो."

"माझ्या मशीनवर दुसऱ्याचं काम."

"तेच." मला चेन ओढल्याचा आवाज आला. डॉक्टरणीनं स्वतःची बॅग पुढं ओढली असावी. "ही चेन बघा. त्याची प्रत अशीच बनते, एकापुढे एक दात जोडत. ही गोळी म्हणजे खोटा दात. दिसायला खऱ्यासारखा, चेनीत जाऊन बसतोही. पण त्याच्यापुढे दुसरा दात बसत नाही. चेन तिथंच अडकली. आणि गंमत म्हणजे हा खोटा दात बंद पाकिटात येतो. पाकीट फोडायची कात्री विषाणूच घेऊन आलेला असतो. म्हणून ज्या पेशीत विषाणू नाही, तिथं गोळी बहुतेक गप्प बसते."

"स्वतःच्या कात्रीनं स्वतःचं कापड फाडून घेतो म्हण की."

"हो. पण आधीच तयार झालेल्या प्रतींचं गोळी काही करू शकत नाही. त्या तुमच्या फौजेलाच निस्तराव्या लागतात. म्हणून लवकर यायचं असतं. फोड उठल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत गोळ्या सुरू झाल्या, तर उपयोग जास्त. लेप लावत आठवडा घालवला असता, तर मीही फार काही करू शकले नसते."

"सुरू कर. माझी फौज म्हातारी असेल, पण अजून कामावर आहे."

डॉक्टरीण लिहायला लागली. मग तिचं पेन थांबलं. "तुम्ही मघाशी म्हणालात, आजी व्हायला अवकाश आहे. म्हणजे कोणी गरोदर आहे?"

"लेक. रविवारी येतेय. दोन वर्षांनी येतेय."

"तिला कांजिण्या झाल्यात?"

ह्या प्रश्नाला उत्तर लगेच आलं नाही. टेपबाईंच्या आयुष्यात मी पाहिलेला असा हा एकमेव प्रश्न.

"ह्या फोडांतल्या पाण्यात तोच विषाणू आहे," डॉक्टरीण सांगत होती. "तुमच्याकडून कोणाला नागीण होत नाही. पण ज्याला कधी कांजिण्या झाल्याच नाहीत, त्याला तुमच्यापासून कांजिण्या होऊ शकतात. गरोदरपणात त्या आईला जड जातात, बाळाच्याही जिवावर बेतू शकतात. त्यावरची लस आहे, पण ती गरोदरपणी देता येत नाही. तिचं रक्त तपासून घ्या. तोवर, आणि सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत, तिनं तुमच्याजवळ यायचं नाही. फोड झाकलेले ठेवा, हात धूत जा. आणि त्यांना लागलेलं जे काही असेल ते धुवा नाहीतर फेका."

टेपबाई बाहेर आल्या तेव्हा गळा उघडा होता. टेप त्यांनी तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाकली होती. मला ती बाई त्या दिवशी पहिल्यांदा म्हातारी दिसली.

तिथल्याच बाकावर बसून त्यांनी फोन लावला. लेकीचा नंबर आपल्याला माहीत नाही, असं त्या दोन वर्षं सांगत आल्या होत्या. बोटांनी मात्र तो न बघता दाबला.

"रविवारी येऊ नकोस," त्या म्हणाल्या.

पलीकडचं मला ऐकू येत होतं. गुंडीचा आवाज बस चालवणाऱ्याचा, इंजिनावरून बोलायची सवय. "दोन वर्षांनी फोन केलास तो एवढं सांगायला?"

"हो."

"बरं. ठेवते."

"गुंडे, ठेवू नकोस. तुला कांजिण्या झाल्या नव्हत्या."

"काय?"

"तुझ्या साऱ्या वर्गाला झाल्या. तू तेव्हा मावशीकडे होतीस. परत आलीस तर वर्ग रिकामा, आणि तू बाकांवर नाचून घरी आलीस. मला आठवतंय." मग त्यांनी सगळं सांगितलं. फौज, कण्याजवळ दडलेला भाडेकरू, फोडांतलं पाणी. डॉक्टरणीनं सांगितलं त्यापेक्षा जास्त दमात सांगितलं. "रक्त तपासून घे."

"मी काय करायचं ते मला कोणी सांगायचं नाही."

"मी कुठं सांगतेय? डॉक्टर सांगतेय. तुझ्याच वयाची आहे, तिचं ऐक."

गुंडीनं रक्त तपासून घेतलं, आणि त्याच आठवड्यात फोन आला. "आई, पाटी कोरी आहे." रक्तात कांजिण्यांशी लढणारी प्रतिपिंडं नव्हती. आईकडेच नाहीत, तर पोटातल्या बाळाला ती कुठून मिळणार? दोघींनी ठरवलं, भेटायचं ते खपल्यांनंतर. तोवर फोन. रोज सकाळी गुंडी विचारी, "तुझा भाडेकरू काय म्हणतोय?" आणि टेपबाई सांगत, "बिऱ्हाड आवरतोय."

हे गल्लीला ठाऊक नव्हतं. मला होतं, पण मला कोणी विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय सांगायला मी काही वहिनी नाही.

वहिनींनी मात्र आपल्यापरीनं पुण्य केलं. शुक्रवारी त्यांना टेपबाईंच्या सदऱ्याच्या कडेशी एक नवा फोड दिसला. त्यांनी डोळ्यांनीच अंदाज बांधला, आणि लाँड्रीवाल्याकडून गुंडीचा नंबर मिळवून कळवलं, "तोंड शेपटीला टेकत आलंय. आईला शेवटचं बघायचं असेल तर ये."

शनिवारी दुपारी गुंडी आली. खाकी सदरा, इलॅस्टिकची पँट, एक हात पोटावर, आणि चाल अशी, की समोरच्यानं बाजू द्यावी. माझ्यासमोरून गेली, पण मला ओळख दिली नाही. दोन पायऱ्या चढली. दार वाजवलं. दार उघडलं. तिच्या पाठीमुळं आम्हाला आतलं काही दिसलं नाही. आणि तेवढ्यात दार असं धाडकन लागलं, की लाँड्रीवाल्याच्या हातातून इस्त्री सुटता सुटता राहिली.

गुंडी पायरीवर बसली. दाराला पाठ लावून. खांदे हलत होते. वहिनी वरून ओरडल्या, "टेपबाई, अहो उघडा, पोटुशी पोर आहे." दार उघडलं नाही. गुंडी बराच वेळ तशीच बसून होती, कधी मान मागं करून काही बोलल्यासारखी. मग उठली, डोळे पुसले, आणि आली त्याच चालीनं निघून गेली.

गल्लीनं पाहिलं ते एवढंच. उरलेलं गल्लीनं शिवलं.

दुसऱ्या दिवशी वहिनी, एजंटकाका आणि आणखी दोघे-तिघे खिडकीशी जमले. टेपबाई आत खुर्चीवर ताठ बसल्या होत्या, दुखऱ्या बाजूला टेकता येत नव्हतं म्हणून. पण दिसत होत्या एखाद्या न्यायाधीशासारख्या.

"पोटच्या पोरीच्या तोंडावर दार लावलंत?" वहिनी म्हणाल्या.

"लावलं."

"अहो, काही काळीज आहे का?"

"दार माझं आहे. बिजागऱ्यांना तेल मी घालते. उद्या आली तर उद्याही लागेल."

"लोक काय म्हणतील?" एजंटकाका.

"लोक काय म्हणतील ते लोकांना विचारा. मला विचारायला का आलात?"

मग कोणीतरी म्हणालं, की आता ह्या दुकानात कपडे टाकायचे नाहीत, शिवणीतून नागीण घरात येईल. टेपबाई हसल्या. हसताना बरगडीखाली कळ आली असणार, पण हसणं अर्ध्यात सोडलं नाही. "तुम्ही काय टाकता? खपल्या धरेपर्यंत मीच कोणाच्या कपड्याला हात लावणार नाही. डॉक्टरणीनं सांगितलंय. तुमच्या आधी मी दुकान बंद केलंय. काका, तेवढ्यात हप्ता कमी करा."

आणि खिडकी लागली. ती लावताना मात्र मी पाहिलं, अगदी हळू लावली.

खपल्या धरल्या, पडल्या. टेपबाईंनी नवी टेप आणली, गळ्यात घातली, आणि पहिलं काम म्हणजे वहिनींना खाली बोलावलं. सदरा वर घेऊन म्हणाल्या, "मोजा." डागांचा पट्टा होता तेवढाच, निम्म्याला जरा कमी. वहिनींनी टेपकडे पाहिलं, डागांकडे पाहिलं, पुन्हा टेपकडे.

"तुमचा शब्द लक्षात आहे ना?" टेपबाईंनी विचारलं.

वहिनींनी मान हलवली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या खरंच ह्या विषयावर काही बोलल्या नाहीत. गल्लीच्या स्मरणात तेवढी शांत संध्याकाळ दुसरी नाही.

डाग गेले, दुखणं लवकर गेलं नाही. नसेला एकदा जाळलं, की ती पुष्कळ दिवस कुरकुरते, असं डॉक्टरीण म्हणाली होती. टेपबाई मशीन चालवता चालवता मधेच थांबत, दात आवळत, आणि डाव्या बाजूला बघून म्हणत, "झालं तुझं? आता मला बाही लावू दे." त्या दुखण्याशी त्या जसं बोलत, तसं आम्हा गिऱ्हाइकांशीही कधी प्रेमानं बोलल्या नाहीत.

खपल्या पडल्या त्या आठवड्यात गुंडी पुन्हा आली. ह्या वेळी दार आधीच सताड उघडं होतं. ती आत गेली ती बाहेर लवकर आलीच नाही. पुढं मुलगी झाली. झबलं तिला लहान पडलं, तेव्हा टेपबाईंनी जाहीर केलं, की नातीचा खांदा आजीवर गेलाय. बाळंतपणानंतर डॉक्टरणीनं सांगितल्याप्रमाणे गुंडीनं कांजिण्यांची लस घेतली. दंड चोळत दुकानात आली तर टेपबाई म्हणाल्या, "तुझ्या फौजेला आता चेहरा कळला. उशिरा का होईना, शाळेत गेली." गुंडी म्हणाली, "आता तू घे, म्हाताऱ्यांसाठीही आहे एक." म्हातारी कोणाला म्हणतेस, ह्यावर त्यांचं जे भांडण झालं, ते साऱ्या गल्लीनं ऐकलं. नंतर टेपबाईंनी ती लस घेतली, हे मात्र माझ्याशिवाय कोणी पाहिलं नाही.

गल्लीनं ह्या सगळ्याचा अर्थ असा लावला, की नातीचं तोंड बघून आईला पाझर फुटला. दाराची गोष्ट मात्र तशीच राहिली, उलट वाढत गेली. नवीन भाडेकरू आला, की त्याला पाणी कधी येतं हे सांगायच्या आधी टेपबाईंचं दार सांगितलं जाई. मी त्यांना एकदा म्हटलं, "अहो, सांगून टाका ना एकदा. पोरीला लागण होऊ नये म्हणून लावलं दार, एवढं सांगितलं तर लोक पायाला हात लावतील."

"पायाला कोणी हात लावलेला मला खपत नाही," त्या म्हणाल्या. "गुदगुल्या होतात. म्हणू देत."

मला तेव्हाच समजायला हवं होतं, की ही बाई उगाच कोणाचं ऐकून घेत नाही.

मग परवा गुंडीशी गाठ पडली. ती आता बसच्या आगारात नव्या चालकांना शिकवते. लेकीचा शाळेचा गणवेश न्यायला आली होती आणि टेपबाई आत काज करत होत्या. मी तिला सहज, म्हणजे मी विचारतो तितक्या सहज विचारलं, की त्या दिवशी दारात नक्की काय झालं.

गुंडीनं आत डोकावून पाहिलं. मग आवाज खाली आणला.

"फोनवर ती बरं नसलं तरी बरंच म्हणणार, म्हणून मी फक्त ती जिवंत आहे का एवढंच बघायला आले होते. दारातून बघायचं आणि परत फिरायचं, असं ठरवून आले होते. आणि मग पायरीवर बसले, तर आतून आईचा आवाज. 'गुंडे, कोणी विचारलं तर दार मी लावलं असं सांग. आजारी आईला ढकललं म्हणून तुला जन्मभर बोलतील. तुझी पोर ह्याच गल्लीत येणार-जाणार आहे. मला बोलू देत, मला सवय आहे.' मी नाही म्हणाले. तर म्हणाली, 'एकदा तरी आईचं ऐक.' म्हणून ऐकलं."

टेपबाई अजून आहेत, आणि हे वाचल्यावर माझी पुढची पँट मुद्दाम तोकडी करतील. करू देत. घडलं ते असं. दार टेपबाईंनी उघडलं. दोन वर्षांनी लेक समोर दिसली तेव्हा त्या फोड विसरल्या, डॉक्टरीण विसरल्या, आणि दोन्ही हात पसरून पुढं झाल्या. दार गुंडीनं लावलं, बाहेरून, मूठ धरून.